विलायतेस गेलेलें मुंगूस

माणसें परदेशीं जातात तेव्हां त्यांच्या जाण्याची कोठें ना कोठें नोंद होते. शब्द जातात ते मात्र बिनपरवान्याचे. कोणता शब्द कोणत्या गलबतांतून गेला, कोणत्या बंदरावर उतरला आणि तेथें कोणाच्या आश्रयानें राहिला, हें शोधूं गेल्यास वाट पुष्कळदां मध्येंच मोडलेली आढळते. मराठीनें इंग्रजीकडून घेतलेल्या शब्दांचा हिशेब सर्वांस ठाऊक आहे. टेबल, पेन, स्टेशन, कोर्ट हे शब्द वगळून शहरांतील एखाद्या घरानें एक दिवस काढावा म्हटलें तर तें जमणार नाहीं. परंतु देवघेवीच्या ह्या वहींत दुसरीहि बाजू आहे. इंग्रजीनें आपल्या बाजूनें जे थोडे शब्द उचलले त्यांत एका लहानशा, करड्या केसांच्या आणि तांबूस डोळ्यांच्या प्राण्याचें नांव आहे. तो प्राणी म्हणजे आपलें मुंगूस; आणि इंग्रजींतील ‘मॉंगूस’ हें त्याचेंच परदेशी रूप.

रत्नागिरीच्या आसपास ह्या प्राण्याची ओळख करून देण्याची गरज पडत नाहीं. जांभ्या दगडांचे गडगे, काजूच्या आणि आंब्याच्या बागा, गवताच्या उडव्या, परसांतील केळींचे बुंधे हा त्याचा संसार. भर दुपारीं वाट निर्मनुष्य झाली कीं गडग्याच्या एका भोकांतून तें बाहेर येतें, वाटेच्या मध्यावर क्षणभर थबकतें, मागच्या पायांवर उभें राहून इकडे तिकडे पाहतें आणि झुपकेदार शेपटी ओढीत पलीकडच्या भोकांत दिसेनासें होतें. घराबाहेर पडतांना मुंगूस दिसणें हा शुभशकुन मानण्याची रीत जुनी आहे. तें पाठ फिरवून चाललें तर मुलें त्याला रामाची शपथ घालतात आणि तोंड दाखवावयास सांगतात; आणि तें खरोखरच वळून पाहतें, कारण थांबून मागें पाहण्याची त्याची खोडच आहे.

कोंकणांत ह्या शकुनामागें व्यवहारहि होता. रत्नागिरी जिल्हा फुरशांचा. वीतभर लांबीचा हा विषारी साप येथील कातळावर आणि दगडांच्या खाचींत इतका माजलेला असे कीं, एकोणिसाव्या शतकांत इंग्रज सरकारनें मारलेल्या फुरशांमागें बक्षिसें दिलीं. सर्पशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथांत हा साप ‘फूर्सा’ ह्या मराठी नांवानेंच नोंदला गेला. म्हणजे एकाच मातीनें इंग्रजीला सापहि दिला आणि सापाचा वैरीहि दिला. त्यांपैकीं फुरसें प्राणिशास्त्रज्ञांच्या कपाटांतच राहिलें. मुंगूस मात्र साऱ्या जगांत फिरून आलें.

हें नांव आपल्याकडेहि सर्वत्र सारखें नाहीं. संस्कृतांत ह्या प्राण्यास ‘नकुल’ म्हणतात. धाकट्या पांडवांपैकीं एकाचें हेंच नांव. आणि अश्वमेधाच्या शेवटीं येऊन, गरीब ब्राह्मणाच्या मूठभर सातूच्या पिठापुढें धर्मराजाच्या यज्ञाची किंमत कमी ठरविणारा, अर्धें अंग सोन्याचें असलेला प्राणीहि हाच. पाणिनीच्या व्याकरणावरील टीकाकारांनीं, ज्यांचें वैर कायमचें असतें अशा जोड्यांचें उदाहरण देतांना साप आणि नकुल यांनाच पुढें केलें आहे. बौद्ध मूर्तिकलेंत धनाचा देव हातांत नकुल धरतो आणि त्या प्राण्याच्या तोंडांतून रत्नें गळत असतात. ह्या संस्कृत शब्दापासूनच हिंदींत नेवला झाला आणि गुजरातींत नोळियो झाला. मराठींत मात्र नकुल पोथींतच राहिला. घरांत आणि शेतांत नांदला तो मुंगूस. कोंकणींत हाच शब्द आहे. तेलुगूंत मुंगिस आहे. कानडींत मुंगुसि आहे. तेव्हां हा शब्द दक्षिणेच्या मातींतला, हें उघड आहे.

नांवाशिवाय प्राण्याची काय गत होते याचें एक उत्तम उदाहरण पंचतंत्रांतच सांपडतें. ब्राह्मणाच्या तान्ह्या मुलाला वांचविण्यासाठीं मुंगसानें साप मारला. रक्तानें माखलेलें त्याचें तोंड पाहून आईनें उतावळेपणानें त्यालाच ठार केलें. आणि मग पाळण्यांत खेळणारें मूल व शेजारीं पडलेले सापाचे तुकडे पाहून ऊर बडविला. ही कथा सहाव्या शतकांत इराणांत गेली आणि आठव्या शतकांत अरबींत उतरली. अरबांच्या देशांत ती सांगतांना मुंगसाच्या जागीं तिकडच्या ओळखीचा, मुंगसासारखाच सडपातळ शिकारी प्राणी आला. पुढें युरोपांत त्याचा कुत्रा झाला. फ्रान्सांत लियों शहराजवळ तेराव्या शतकांत ह्याच कथेंतील कुत्र्याला खेडवळ लोक संत मानून नवस करीत. वेल्समध्यें बेडगेलर्ट गांवीं तर अशाच एका स्वामिनिष्ठ कुत्र्याची समाधि दाखविण्यांत येते. कथा गेली, उपदेश गेला, रडूंहि गेलें. परंतु मुंगूस सीमेवरच राहिलें. त्याला तिकडे नांवच नव्हतें, मग तें आंत येणार कसें?

नांव जाण्यास व्यापाऱ्यांची वाट पहावी लागली. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें सिंहलद्वीपांतील ह्या सर्पशत्रूची हकीकत दिली आहे. पण त्यानें नांव घेतलें तें तामिळ वळणाचें. तें नांव रुजलें नाहीं. पुढें इंग्रज आले. १६४९ च्या सुमारास राजापुरास त्यांची वखार झाली. १६६१ सालीं शिवाजीमहाराजांनीं राजापुरावर चाल करून तेथील इंग्रजांस कैद केलें तो प्रसंग प्रसिद्धच आहे. १६६८ सालीं मुंबई बेट कंपनीकडे आलें. ह्या मंडळींचे नोकर, दुभाषी, खलाशी आणि बाजारांतील माणसें मराठी व कोंकणी बोलणारीं. कंपनीचा एक वैद्य जॉन फ्रायर हा १६७३ सालीं मुंबईस पोंचला. सुरतेस राहिला, मोंगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून १६७५ सालीं जुन्नरपर्यंत जाऊन आला, गोव्याकडे आणि कारवाराकडेहि हिंडला. त्याचा प्रवासग्रंथ १६९८ सालीं लंडनांत छापला गेला. त्यांत फेरेट नांवाच्या विलायती प्राण्याचा नातलग म्हणून मुंगसाचा उल्लेख येतो आणि तोहि मॉंगूस ह्याच नांवानें. इंग्रजी ग्रंथांत हा शब्द छापला गेल्याचा हा फार जुना दाखला आहे.

ह्या शब्दाच्या मालकीवरून पंडितांत थोडा वाद झाला. यूल आणि बर्नेल यांनीं १८८६ सालीं हिंदुस्थानांतून इंग्रजींत गेलेल्या शब्दांचा जो प्रसिद्ध कोश केला, त्यांत त्यांचा कौल तेलुगूच्या बाजूनें पडला. मोठ्या ऑक्सफर्ड कोशानें मात्र हें श्रेय मराठीला दिलें. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यांत तथ्य आहे. शब्दाचें मूळ कुळ पहावयाचें तर द्राविडी शेजाऱ्यांना मान दिलाच पाहिजे. परंतु उसना घेतलेला तांदूळ ज्याच्या घरून घेतला त्याचाच म्हणावयाचा. त्या घरानें तो कोणाकडून आणला होता हा प्रश्न निराळा. सुरतेच्या वखारींत ‘नोळियो’ ऐकूं येत असतांना, उत्तरेंत ‘नेवला’ ऐकूं येत असतांना, इंग्रजांच्या जिभेवर जें रूप ठरलें तें मुंबई, कोंकण आणि दख्खन येथील. आणि त्यांतील शेवटचा दीर्घ ‘ऊ’ व ‘स’ हे मराठी उच्चाराशीं तंतोतंत जुळतात.

विलायतेंत गेल्यावर मुंगसाचें पहिलें संकट व्याकरणाचें. इंग्रजींत ‘गूस’ म्हणजे हंसजातीचा पाळीव पक्षी. आपल्या शब्दाच्या शेवटीं इंग्रजांस तोच पक्षी ऐकूं आला. त्या पक्ष्याचें अनेकवचन ‘गीस’ असें होतें. मग दोन मुंगसांना काय म्हणावें? व्याकरणाप्रमाणें ‘मॉंगूसेस’ हेंच रूप बरोबर. तरी पुष्कळांच्या तोंडून ‘मॉंगीस’ निसटतें. एका गृहस्थाला दोन मुंगसें मागवावयाचीं होतीं, त्याची गोष्ट इंग्रज मोठ्या चवीनें सांगतात. त्यानें एक रूप लिहिलें आणि खोडलें, दुसरें लिहिलें आणि खोडलें, आणि अखेरीस पत्र धाडलें कीं, कृपा करून एक मुंगूस पाठवावें, ता. क. : त्याच्याबरोबर आणखी एक पाठवावें.

दुसरा घोटाळा प्राणिशास्त्राचा. मादागास्कर बेटांतील एका लेमूरालाहि इंग्रजींत मुंगसाचेंच नांव चिकटलें. लीनियसनें १७६६ सालीं त्याच्या शास्त्रीय नांवांतहि तसाच शब्द घातला. वास्तविक तो झाडावर राहणारा, फळेंफुलें खाणारा, वानराच्या कुळाशीं नातें सांगणारा प्राणी. याहून गंमत म्हणजे ज्या प्राण्याला शास्त्रज्ञ आज ‘मुंगोस मुंगो’ म्हणतात, ज्याच्या नांवांत आपला शब्द दोनदां आला आहे, तो पट्टेदार प्राणी राहतो आफ्रिकेंत. हिंदुस्थानांत तो नाहीं. खुद्द आपल्या मुंगसाचें शास्त्रीय नांव मात्र निराळें. बारशाला घरच्या मुलाचें नांव शेजाऱ्याच्या मुलाला दिलें जावें, तसा हा प्रकार झाला.

लोकांच्या मनांत हा शब्द पक्का बसला तो रुडयार्ड किपलिंग याच्या कथेमुळें. किपलिंगचा जन्म १८६५ सालीं मुंबईस झाला. १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मध्यें त्याची रिक्की टिक्की टावी नांवाच्या मुंगसाची कथा आहे. ती घडते बिहारांतील सुगौलीच्या छावणींत, जेथील लोक ह्या प्राण्याला नेवला म्हणतात. पण विलायतेंतील मुलांनीं वाचला तो मराठी शब्द. आणि शूर, चपळ, धन्याच्या घरासाठीं जिवावर उदार होणारा असा त्याचा अर्थ त्यांच्या मनांत ठसला. अमेरिकेंत १९५२ सालीं जगज्जेता झालेला मुष्टियोद्धा आर्ची मूर याला म्हातारें मुंगूस असें टोपणनांव पडलें, तें ह्याच अर्थानें.

परंतु समुद्रापलीकडे दुसऱ्या एका वाटेनेंहि मुंगूस गेलें होतें. आणि ती वाट गोड नव्हती. जमैका बेटांत उंसाच्या मळ्यांवर उंदरांनीं हैदोस घातला होता. एस्पूट नांवाच्या मळेवाल्यानें १८७२ सालीं कलकत्त्याहून नऊ मुंगसें आणवून तेथें सोडलीं. त्याच समुद्रावरून आपल्या देशांतील गरीब माणसें करारानें बांधून उंसाच्या मळ्यांवर नेलीं जात होतीं. मुंगूसहि त्याच मळ्यांचें गिरमिट्या झालें म्हणावयाचें. पहिलीं कांहीं वर्षें उंदीर कमी झाले. मळेवाले खूष झाले. शेजारच्या बेटांनीं मुंगसें नेलीं. १८८३ सालीं तीं हवाई बेटांत आणि फिजींतहि पोंचलीं. परंतु मुंगूस दिवसा हिंडणारें आणि उंदीर बहुधा रात्रीं हिंडणारा. उंदीर सावध झाले, झाडांवर राहूं लागले. मग मुंगसानें कोंबड्या धरल्या, जमिनीवर घरटीं करणारे पक्षी धरले, सरडे आणि कांसवांचीं अंडीं फस्त केलीं. ज्या बेटांवर त्या प्राण्यांस असला शत्रु कधीं ठाऊकच नव्हता, तेथें त्यांस पळण्याचें शिक्षण कोठून असणार? १८९० सालीं जमैकाच्या सरकारला ह्या उपद्रवाची चौकशी करावी लागली.

येथें शब्दाचा अर्थ बदलला. कॅरिबियन बेटांच्या बोलींत मुंगूस म्हणजे कोंबडीचोर, लबाड, हळूच आंत शिरून डल्ला मारणारा. लबाड मुंगसावरचें एक जमैकी गाणें १९२० नंतरच्या दशकांत ध्वनिमुद्रिकांवरून दूरवर गेलें. ग्रेनेडा बेटांत १९५० नंतरच्या वर्षांत मुंगसें मारणाऱ्यांस सरकार पैसे देई. पुढें एरिक गेरी ह्या सत्ताधीशानें विरोधकांस झोडपण्यासाठीं जे गुंड पोसले त्यांस लोक ‘मुंगूस टोळी’ म्हणूं लागले. १९७९ सालीं गेरीची सत्ता उलथली तेव्हां त्या टोळीची दहशत संपली. जो शब्द कोंकणांतील मूल शुभ म्हणून उच्चारतें तोच शब्द ऐकून ग्रेनेडांतील आई मुलाला घरांत ओढीत असेल, हें ह्या प्रवासांतील सर्वांत कडू वळण होय. क्यूबाच्या कॅस्ट्रोचें सरकार पाडण्यासाठीं अमेरिकेनें १९६१ सालीं जी गुप्त मोहीम आंखली तिचेंहि सांकेतिक नांव मुंगूस हेंच होतें. ती फसली.

अमेरिकेच्या कायद्यांतहि हा शब्द शिरला. १९०० सालच्या लेसी कायद्यानें ज्या मोजक्या प्राण्यांची आयात बंद केली त्यांत मुंगसाचें नांव होतें. १९६२ सालीं एका खलाशानें हिंदुस्थानांतून नेलेलें एक मुंगूस मिनेसोटांतील डुलूथ शहराच्या प्राणिसंग्रहालयांत आलें. कायद्याप्रमाणें त्याला मारावयाचें ठरलें, तेव्हां लोकांनीं एवढा गलका केला कीं अध्यक्ष केनेडी यांच्यापर्यंत प्रकरण जाऊन त्याला अभय मिळालें. आदल्याच वर्षीं मुंगसाच्या नांवाची मोहीम काढणारें आणि आतां एका खऱ्या मुंगसाला जीवदान देणारें सरकार एकच.

विनोदाचा भाग इंग्लंडच्या वांट्याला आला. १९३१ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील एका एकाकी शेतघरांत, भिंतीच्या फळ्यांमागून एक आवाज बोलूं लागला. तो म्हणे, मी मुंगूस आहें आणि माझा जन्म १८५२ सालीं नव्या दिल्लींत झाला. १८५२ सालीं नव्या दिल्लीचा पायादेखील घातलेला नव्हता, ही अडचण त्या बोलक्या मुंगसाला कोणी सांगितली नसावी. ह्या प्रकाराची पाहणी करण्यास गेलेल्यांत रिचर्ड लॅम्बर्ट हे होते. ब्रिटिश नभोवाणीवरील भाषणें छापणाऱ्या ‘लिसनर’ ह्या पत्राचे ते संपादक. बोलणाऱ्या मुंगसावर विश्वास ठेवणारा मनुष्य जबाबदारीच्या जागीं नको, असें सर सेसिल लेव्हिटा यांनीं त्यांच्या वरिष्ठांकडे बोलून दाखविलें. लॅम्बर्ट यांनीं अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १९३६ सालीं त्यांस ७,५०० पौंड भरपाई मिळाली. वृत्तपत्रांनीं त्याला ‘मुंगूस खटला’ म्हटलें. हंसूं आणणाऱ्या ह्या नांवामागें गंभीर प्रश्न होता. दावा मागें घ्यावा म्हणून नोकरीचा धाक दाखविला गेला काय, याची चौकशी करण्यासाठीं पंतप्रधान बाल्डविन यांस समिति नेमावी लागली. एका संपादकानें आपली अब्रू आणि स्वातंत्र्य राखलें, आणि तें एका मुंगसाच्या निमित्तानें.

असें हें नांव जग हिंडून आलें. एका ठिकाणीं शूर, दुसऱ्या ठिकाणीं चोर, तिसऱ्या ठिकाणीं गुंड, चौथ्या ठिकाणीं भूत. प्राणी मात्र सर्वत्र एकाच स्वभावाचा. तो कोंकणांत जें करतो तेंच जमैकांत करी. बदलला तो शेजार. येथें त्याच्यासमोर साप आहे, घार आहे, घुबड आहे, हजारों वर्षांची सवय असलेले पक्षी आहेत. तेथें हा तोल नव्हता. जपानानें हा धडा फार पैसे मोजून घेतला. आमामी बेटावर १९७९ सालीं विषारी साप मारण्यासाठीं सुमारें तीस मुंगसें सोडण्यांत आलीं. त्यांनीं साप सोडून तेथील दुर्मिळ सशांवर हात टाकला, आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर २०२४ सालीं तें बेट मुंगूसमुक्त झाल्याचें जाहीर झालें.

आतां राहिला त्याच्या माहेरचा हिशेब. सापाशीं लढतांना मुंगूस एक मुळी खाऊन येतें अशी समजूत फार जुनी आहे. वर उल्लेखिलेल्या ओर्तानेंहि ती लिहून ठेवली आहे. १९९२ सालीं इस्रायलांतील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं रहस्य मुळींत नसून त्याच्या शरीरांतच आहे. नागाच्या विषाचा जो अंश स्नायूंना लुळे पाडतो त्याला मुंगसाच्या पेशींवर पकडच मिळत नाहीं. परंतु माणसाच्या हांवेवर उतारा देणारी मुळी त्याच्यापाशीं नाहीं. चित्रकलेचे मऊ कुंचले त्याच्या केसांचे करतात. किलोभर केसांसाठीं जवळजवळ पन्नास मुंगसें मारावीं लागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं त्याला संरक्षण आहे, आणि २००२ सालीं तें अधिक कडक करण्यांत आलें; त्याचे केस विकणें हा गुन्हा आहे. तरी चोरटा व्यापार वारंवार पकडला जातो. शाळकरी मुलाच्या दप्तरांतील कुंचला कशाचा आहे हें दुकानदाराला विचारण्याची संवय घरांतील वडील माणसांनीं लावून घेतली, तर कायद्याला तेवढा आधार मिळेल.

शब्द कोशांत सुखरूप आहे. त्याला ना सापाचें भय, ना फासेपारध्याचें. ज्या प्राण्यावरून तो गेला त्याला मात्र गडग्यांतील एक भोक लागतें. आणि जांभ्याचा गडगा पाडून जेथें सिमेंटची गुळगुळीत भिंत उभी राहते तेथें तेवढेंहि भोक उरत नाहीं. इंग्रजीला दिलेला शब्द परत मागण्याचें कारण नाहीं. पण घराबाहेर पडतांना वाटेच्या मध्यावर थबकून वळून पाहणारें मुंगूस पुढच्या पिढीलाहि दिसावें, एवढी व्यवस्था मराठी घरांनीं आपल्या परसांत ठेवावी.